कामिनी मावशीची मोठी रात्र

नागपूरच्या मनीषनगरात रेल्वेलाइनच्या बाजूला ज्या चारमजली इमारती दाटीवाटीनं उभ्या आहेत, त्यांतल्या एकीत तिसऱ्या मजल्यावर कामिनी मेश्रामचं पाळणाघर आहे. दारावर पाटी नाही. सकाळी आईबाप लेकरं आणून सोडतात, संध्याकाळी नेतात, आणि मधल्या वेळात ते दार सहसा उघडत नाही. दाराला दोन कड्या आहेत. एक नेहमीच्या जागी, दुसरी अगदी वर, चौकटीच्या टोकाशी. वरची कडी लेकरांसाठी असावी असं नव्या आईबापांना वाटतं. ती अंकुशसाठी आहे. अंकुश म्हणजे कामिनीचा नवरा. त्याचा हात तिथं सहज पोचतो, पण वर कडी आहे हे त्याच्या ध्यानात राहत नाही.

एक काळ होता, ही बाई दिवसभर एका जागी थांबत नसे. ती एस.टी.त कंडक्टर होती, नागपूर–भंडारा फेरीवर. मौद्याजवळच्या खेड्यातली पोर, परीक्षा देऊन लागलेली. खाकी घालून पहिल्यांदा ती गाडी घेऊन गावावरून गेली, तेव्हा तिचे वडील रस्त्याच्या कडेला उभे राहून हात करत होते, आणि तिनं स्टॉप नसताना घंटी मारून बस थांबवली होती. चालत्या गाडीत कशालाही न धरता उभं राहायची तिला सवय होती. अंकुशही तिला त्याच गाडीत भेटला. तो वायरमन, रोज मौद्याला जाणारा. सीट रिकामी असली तरी दाराजवळच उभा राहायचा. तो काहून उभा राहतो, हे कामिनीला कळायला पावसाळा उलटला.

लग्नाला पाच वर्षं झाली असतील. मूल आता होऊ द्यावं असं दोघांचं ठरलं होतं, आणि एका संध्याकाळी त्याच्या मोटरसायकलपुढे रानडुक्कर आडवं आलं. अंकुश वाचला. हाडं जुळली, केस पुन्हा उगवले, भूक परत आली. डोक्याला लागलेला मार मात्र आत कुठंतरी राहून गेला. त्याला कामिनी ओळखू येते, पाणी मागता येतं, शर्टाची बटणं लावता येतात. आज कोणता दिवस, हे घर कोणाचं, हे त्याच्या हातून निसटून जातं. आणि त्याला चालायचं असतं. ‘घरी जातो’ म्हणतो आणि घरातूनच निघतो. एकदा तो कळमन्याच्या बाजारात सापडला, संत्र्यांच्या ढिगाशेजारी हमालांच्या घोळक्यात निवांत बसलेला. दुसऱ्यांदा सापडला तो रेल्वेलाइनवर. त्यानंतर कामिनीनं वरची कडी बसवून घेतली आणि नोकरी सोडली.

त्याच्याजवळ बसायला दुसरं कुणी नव्हतं. सासू-सासरे आधीच गेलेले. तिचा भाऊ गोविंदा गावी शेती करणारा, महिन्यातून एखादी चक्कर मारणारा. आपल्याला बाहेर जाता येत नाही तर बाहेरच्यांना आत आणावं, एवढ्या विचारानं तिनं पाळणाघर काढलं. हळूहळू सहा लेकरं झाली. अंकुशचा त्यांना त्रास नव्हता. तो बाल्कनीच्या ग्रिलपाशी खुर्चीत बसे, लेकरं त्याला अंकुशकाका म्हणत आणि त्याच्या खुर्चीखालून रांगत जात. कामिनी दिवसभर बोलायची, गाणी म्हणायची, भरवायची. दुपारी सगळी झोपली की ती ग्रिलला कपाळ टेकून खालचा रस्ता बघायची. ऑटो, भाजीचा ठेला, शाळेची व्हॅन. जग आपलं जाऊन राहिलं, तिच्या मनात येई, आपणच तेवढ्या स्टॉपवर.

डिसेंबर लागला आणि मुग्धाचं रडणं सुरू झालं.

मुग्धा साडेचार वर्षांची. तिची आई दीप्ती मिहानमधल्या एका कंपनीत होती, वडील पुण्याला. पोर गुणाची, पण तिनं मनाशी एक हिशेब बांधलेला होता: आई उजेडात येते. पावसाळ्यात ती पाळणाघरात आली तेव्हा तसंच होतं. आईची वेळ ठरलेली, साडेसहाची. पण आता सहा वाजायच्या आत बाहेर काळोख होऊ लागला. दिवा लावला की मुग्धा दाराशी जाऊन उभी राहायची.

“अंधार झाला ना मावशी. आई काहून नाही आली?”

“येते ना बाई. रस्त्यात असन.”

“नाही. अंधार झाल्यावर आई येत नाही.”

मग जो सूर लागायचा तो दारावर थाप पडेपर्यंत थांबत नसे. एकानं गळा काढला की दुसऱ्याला रडू येतं. थोड्या वेळात सहाही लेकरं भोकाड पसरायची, आणि त्या गोंधळानं अंकुश उठून दाराकडे निघायचा. ‘घरी जातो.’ कामिनी एका काखेत लेकरू आणि एका हातात नवऱ्याचं मनगट धरून दाराला पाठ लावून उभी राहायची. अशा वेळी तिला वाटे, आपल्यासाठी बाहेरून कुणी थाप मारणार नाही. आपल्याला न्यायला येणारं कुणी नाही.

उपाय सुचवला पायलनं. ती आठ वर्षांची, सगळ्यांत मोठी, शाळा सुटल्यावर येणारी. “मावशी, आमच्या मॅडमनं सांगितलं, बावीस तारखेले सगळ्यात छोटा दिवस राहते. अन् सगळ्यात मोठी रात्र. त्याच्यानंतर रात्र कमी कमी होत जाते.”

मुग्धानं रडता रडता कान टवकारले. “मग आई उजेडात येईल?”

“येईल,” कामिनी म्हणाली. म्हणून बसली, आणि मग त्याला धरून राहणं आलं. “त्या दिवशी आपण अंधाराले टाटा करू. गच्चीवर जाऊ. सूर्य मावळताना पाहू, अन् मोठ्या रात्रीले म्हणू, जा बाई आता, लहान होत जा.”

हे तोंडातून निघालं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. गच्ची फक्त दोन जिने वर होती, पण ती तिथं किती दिवसांत गेली नव्हती!

पुढचे आठ-दहा दिवस घरात रडणं कमी आणि चिकटवणं जास्त झालं. दिवाळीच्या उरलेल्या रंगीत कागदांचे कंदील तयार झाले. आगीशी खेळ नको म्हणून कामिनीनं भाजीवाल्याकरवी सेलवरचे छोटे दिवे मागवले. मोहित नावाचा एक गोलमटोल पोरगा होता, त्यानं आपल्या कंदिलावर सूर्य काढला आणि त्याला मिशा लावल्या. कामिनीनं गोविंदाला फोन करून ठेवला, “बावीसले दुपारी ये. तुझ्या भाटव्याजवळ बस, त्यांले एकटं सोडता येत नाही. मी लेकरांले घेऊन घंटाभर वर जाते, बस.” गोविंदा हो म्हणाला. इमारतीचे चौकीदार रामाजी स्वतः येऊन सांगून गेले, “बाई, चार वाजता गच्चीचं दार उघडून ठेवतो. उतरल्यावर सांगजा.”

बावीस तारीख उजाडली. तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या. लेकरांना स्वेटर, कानटोप्या चढवल्या. पाच वाजत आले तरी गोविंदा नाही. फोन लावला.

“बाई, आज जमत नाही वं. तुरीच्या कापणीचे मजूर आजच आले. उद्या येऊ काय?”

“उद्या काय करू मी तुले?” कामिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

सहा लेकरं कंदील हातात घेऊन, चपला घालून, दारापुढे रांगेत उभी होती. अंकुश खुर्चीतून तिच्याकडे बघत होता. आपण जायचं नाही, हे तिनं लेकरांना सांगायला हवं होतं. तिनं तोंड उघडलं आणि मुग्धाकडे पाहिलं. मग ती आत गेली, अंकुशच्या अंगावर जाड शाल घातली, त्याचा हात धरला आणि वरची कडी काढली. या सगळ्यात फोन ओट्यावरच राहिला.

“सगळे माह्या ओढणीले धरा. गाडी निघून राहिली!”

दाराला बाहेरून कुलूप घालून ती निघाली, आणि वर जाऊन पाहते तर आभाळ इतकं मोठं की तिला क्षणभर घेरी आल्यासारखं झालं. वारा बोचरा होता. सूर्य वर्धा रोडच्या बाजूला, इमारतींच्या माथ्यावर टेकलेला, लाल, आणि त्याच्या समोरून एक विमान सोनेगावकडे उतरत होतं. लेकरं शेंगा सोलत होती, टरफलं उडवत होती. कामिनीनं अंकुशला टाकीच्या भिंतीशी उभं केलं. तो उजेडाकडे तोंड करून उभा राहिला. तिनं त्याचा हात सोडला. मग कशालाही न धरता, पाय रोवून, वाऱ्याकडे तोंड करून ती नुसती उभी राहिली. गावचा तो रस्ता, दोन्ही बाजूंची शेतं, खिडक्यांतून येणारा वारा, सगळं अंगावरून गेल्यासारखं झालं.

“टाटा सूर्या!” पायल ओरडली. “टाटा!” सगळे ओरडले. सूर्य गेला. मुग्धा रडली नाही. तिनं कंदिलाची कळ दाबली आणि म्हणाली, “आता रात्र लहान हो.”

“चला, उतरा,” कामिनी म्हणाली, आणि जिन्याकडे वळली. लोखंडी दार बंद होतं.

तिनं ढकललं. हललं नाही. पलीकडून अडसर लागलेला होता. मागाहून कळलं ते असं: रामाजींची पाळी संपली, पिंटू नावाचा नवा चौकीदार आला, गच्चीचं दार उघडं दिसलं, आणि माकडं शिरतात म्हणून त्यानं ते लावून घेतलं. टाकीच्या आडोशाला कुणी असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. कामिनीनं दार बडवलं, हाका मारल्या. शेजारच्या प्लॉटवर स्लॅब टाकणं चालू होतं, मिक्सरची घरघर चालली होती. आवाज त्यात विरघळून जात होता. फोनसाठी हात कमरेशी गेला तेव्हा तो खाली राहिल्याचं तिला आठवलं.

अंधार भराभर दाटला. थंडी जमिनीतून वर येऊ लागली. मिशावाला सूर्य हातात घेऊन मोहित रडायला लागला, आणि त्याच वेळी अंकुश म्हणाला, “घरी जातो.”

तो जिन्याकडे गेला नाही. कठड्याकडे निघाला. कठडा त्याच्या कमरेइतकाही नव्हता.

कामिनी धावली. मागून त्याच्या कमरेला मिठी मारून तिनं त्याला ओढत आणलं आणि टाकीच्या भिंतीला टेकवून खाली बसवलं. “बसा जी. बसा ना!” तो उठायला बघे, ती दोन्ही हातांनी त्याचे खांदे दाबून धरी. आता ती लेकरांकडे जाऊ शकत नव्हती. तिच्याजवळ उरला होता फक्त आवाज. तोच आवाज तिनं लावला, भरल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचणारा.

“कुणीच सीटवरून उठायचं नाही! कठड्याकडे जाईल त्याले गाडीतून उतरवून देईन! पायल, दोरीवर सगळ्यांचे कंदील लाव, कपड्यांच्या चिमट्यांनी. खालून दिसले पाहिजेत.”

पायलनं लावले. वाऱ्यानं हलणाऱ्या कंदिलांचा उजेड लेकरांच्या तोंडांवर मागेपुढे होत राहिला. अंकुश जोर करत होता. त्याची ताकद काही कमी झालेली नव्हती. कामिनीचे दंड भरून आले. पुन्हा एक हिसका, पुन्हा ‘घरी जातो’. आणि तेव्हा तिच्या मनात आलं, सोडून द्यावं. हात काढून घ्यावा, बस. जायचं तर जाऊ द्या. हे इतकं स्वच्छ मनात आलं की तिचे हात खरंच सैल झाले. अंकुश अर्धा उठला. आपण काय करतो आहोत हे तिला दिसत होतं, आणि तरी ते हात पुन्हा घट्ट होईनात.

मुग्धा मधे आली. तिला यातलं काही कळलं नव्हतं. तिला थंडी वाजत होती, आणि शाल अंकुशकाकाजवळ होती. ती सरळ त्याच्या अर्धवट उठलेल्या मांडीला बिलगली. “काका, मले घे.”

अंकुशनं खाली पाहिलं. तो बसला. त्यानं शाल उघडली, पोरीला आत घेतलं आणि शाल पुन्हा ओढून घेतली, अगदी नीट, गळ्याशी वारा लागू नये अशी. मग मोहित गेला. मग दुसरी. बघता बघता सगळी त्याच्या अंगाखांद्यावर गोळा झाली, आणि तो मांडीवरच्या ओझ्याला धक्का लागेल या भीतीनं हलेना. ‘घरी जातो’ हे त्यानं आणखी एकदोनदा म्हटलं, पण हळू, स्वतःशीच.

कामिनी दोन हात अंतरावर बसून राहिली. तिनं हात शालीत घेतले नाहीत. ते तिला आपले वाटत नव्हते.

साडेसहाला दीप्ती आली तेव्हा दाराला बाहेरून कुलूप. फोन लावला, तर तो आतच वाजत होता. पाठोपाठ मोहितचे बाबा हर्षित आले. पिंटूला विचारलं, त्याला काही माहीत नव्हतं. दीप्ती बाहेर रस्त्यावर धावली, लेकीच्या नावानं हाका मारत, आणि वर पाहते तर गच्चीवरच्या दोरीला रंगीबेरंगी दिवे हलत होते. जिने चढताना ती दोनदा पडली.

अडसर निघाला. आईला बघून मुग्धा शालीतून तोंड काढून म्हणाली, “आई, मोठी रात्र बघ!” दीप्तीनं तिला उचललं आणि ती पोरीच्या कानटोपीत तोंड खुपसून रडली.

हर्षित रडले नाहीत. गच्ची, कठडा, अंकुश, असं एकेक करून त्यांनी पाहिलं. “ताई, राग नका मानू,” ते म्हणाले. “दाराचं झालं ते झालं, तुमची चूक नाही. पण यांले घेऊन पोरांले इथं आणलं तुम्ही?”

“आणलं,” कामिनी म्हणाली. “नव्हतं आणायला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी मोहित आला नाही. आणखी दोन लेकरं आठवड्याभरात गेली. सोसायटीनं गच्चीला कुलूप घातलं. कामिनीला कुणाचाच राग आला नाही. कुणाला ठाऊक नव्हतं ते तिला ठाऊक होतं, आणि त्यापुढे हर्षितचं बोलणं काहीच नव्हतं.

तेवीस तारखेला दिवा लागला आणि मुग्धा दाराशी गेली. “मावशी, अंधार झाला. तू म्हणाली होतीस लहान होईल.”

कामिनी तिच्यापुढे खाली बसली. “झाला ना. पण रात्र एकदम लहान होत नाही बाई. दिवस तिळातिळानं वाढतो. आज वाढला तो तीळ तुले दिसणार नाही, मलेही दिसला नाही.”

“मग कसा कळते?”

“पुष्कळ तीळ झाल्यावर.”

मुग्धानं विचार केला. ती थोडीशी रडली, पण बसून रडली, दाराशी उभी राहून नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी दीप्ती लेकीला न्यायला आली आणि गेली नाही. चपला काढून आत बसली. तिला म्हणायचं होतं ते तिनं बहुधा वाटेत जुळवून आणलं होतं. “ताई, मुग्धा घरी सारखी सांगते, काकाच्या मांडीवर थंडी वाजत नाही. रविवारी मी अन् ती इथं येऊन बसू? तुम्ही जरा बाहेर जाऊन या.”

“तुम्हाले काय माहीत, मी त्यांले...” कामिनी थांबली. मग तिनं सांगितलं. गच्चीवर हात कसे सैल झाले होते ते. तिला वाटलं, ही आता लेकीला घेऊन उठेल.

दीप्ती उठली नाही. “माझी पोर रात्री झोपत नव्हती ना, पुण्याहून हिच्या बाबांचं येणं बंद पडलं तेव्हा,” ती म्हणाली, आणि ते का बंद पडलं हे तिनं सांगितलं नाही. “मी तिला पाळण्यात ठेवून बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचे. ऐकू येऊ नये म्हणून. रविवारी दहाला येते मी.”

रविवारी कामिनी निघाली. गणेशपेठच्या स्टँडवर भंडाऱ्याची गाडी लागलेली होती. ती चढली, खिडकीपाशी बसली. गाडीतली कंडक्टर जुनी ओळखीची निघाली, तिनं तिकिटाचं मशीन छातीशी धरून डोळे मोठे केले. “कामिनी? अगं कुठं होतीस वं इतकी वर्षं?”

“घरीच.”

गाडी निघाली. सीताबर्डीकडची गर्दी मागे पडली, ऊन खिडकीतून मांडीवर आलं. हेच तिला हवं होतं, इतकी वर्षं हवं होतं; आणि तिला एकच दिसत होतं, दीप्तीचा हात वरच्या कडीवर पोचतो की नाही. तिनं डोळे मिटून पाहिले, उघडून पाहिले. शहर संपायच्या आधीच, पारडीला, ती उतरली. ती ओळखीची कंडक्टर खिडकीतून काहीतरी ओरडली ते तिला ऐकू आलं नाही. टपरीवर तिनं चहा घेतला. कुणाला भरवायचं नव्हतं, कुणाला धरायचं नव्हतं. तिनं तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि परतीची गाडी धरली.

घरी अंकुश जेवत होता. दीप्ती दाराशी आली, घड्याळाकडे बघून म्हणाली, “इतक्या लवकर? काय झालं?”

“काही नाही झालं.”

“पुढच्या रविवारी येऊ मी?”

कामिनीनं चपला काढल्या, हात धुतले. “या,” ती म्हणाली, आणि अंकुशच्या ताटात भात वाढायला गेली.